सटव्याचा ढीग

लेकीकडं ऑस्ट्रेलियात तीन महिने राहून आले, त्यावर मी चार ओळीही लिहिल्या नाहीत. विमान, समुद्र, कांगारू सगळं बघितलं, फोटो नातेवाइकांना दाखवले आणि संपलं. गारगोटीच्या पलीकडं तीन दिवस जाऊन आले त्याला आता महिना होत आलाय, आणि अजून जेवताना हातातला घास हातातच राहतो. म्हणून हे लिहायला बसलेय.

ऑस्ट्रेलियातली एकच गोष्ट इथं सांगायला हवी. लेकीनं मला एका जुन्या गावातला तुरुंग दाखवायला नेलं होतं. आता तिथं संग्रहालय आहे. भिंतीवर मोठा फोटो होता. घोड्यांवर बसलेले गोरे पोलीस आणि खाली प्रत्येकाचं नाव. कडेला दोन काळी माणसं उभी, अनवाणी. त्यांच्या खाली नुसतंच लिहिलेलं, ‘माग काढणारे’. हे तिथले मूळचे रहिवासी. रानात पळालेल्या दरोडेखोरांचा पत्ता पोलिसांना लागेना, तेव्हा यांना लांबच्या मुलखातून आणलं. दबलेलं गवत, उलटलेला खडा बघून ते सांगायचे, माणूस कधी गेला, कुठं गेला. बाहेरच्या दुकानात त्या दरोडेखोराचं तोंड छापलेले टीशर्ट विकायला होते. या दोघांची नावं काय, असं मी लेकीकरवी विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, माहीत नाही.

मला मात्र त्या दोघांकडं बघून ऊर भरून आला. कारण आमचा पणजा हेच करायचा. वडील सांगायचे. आम्हाला महार म्हणत तेव्हाची गोष्ट. गावात चोरी झाली की पाऊलखुणा काढत शिवेपर्यंत जायचं आणि तिथं पुढच्या गावच्या महाराच्या हवाली माग करायचा, हे आमच्या माणसांचं कामच होतं. पण पणज्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चिखलातलं पाऊल बघून तो सांगायचा की माणसाच्या डोक्यावर ओझं आहे की नाही. संस्थानच्या शिपायांनी आणि त्यांच्यावरच्या गोऱ्या साहेबानं त्याला मुद्दाम बोलावून नेलं होतं. त्यानं हैबती नावाच्या दरोडेखोराला शोधून दिलं आणि साहेबानं भर चावडीत त्याला पागोटं बांधलं. वडिलांनी गोष्ट इथंच संपवायची आणि आम्ही पोरांनी टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज होता.

पणज्याचं नाव सटवा.

परत आल्यावर एका दुपारी शालन घरी आली. शालन माझी तीस वर्षांची मैत्रीण. सरकारी दवाखान्यात मी परिचारिका, ती कारकून. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. बोलता बोलता म्हणाली, “पुढच्या आठवड्यात माहेरला जातेय. आमच्या हैबतीबाबाची जत्रा आहे.”

“कोण बाबा?”

“हैबतीबाबा. डोंगरात ठाणं आहे त्याचं. साहेबाच्या बंदुकीला भ्यायला नाही म्हणतात. येतीस?”

मी लगेच हो म्हणाले. का, ते सांगितलं नाही. आधी खात्री करून घेऊ, मग तिला चकित करू, असं मनात होतं. साठी ओलांडली तरी माणसाला अशा हौसा असतात.

गारगोटी

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. मुरगूडला शालननं नारळांची पिशवी मांडीवरून काढून सीटखाली ठेवली आणि गारगोटीला उतरताना तिथंच विसरली. मग बाजारात पुन्हा नारळ घेणं आलं. तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभारानं तो शिवेपर्यंत मी एका पायावर उभी, शालन नारळ वाजवून बघतेय आणि दोघी हसतोय. त्या दिवसाचं आता तेवढंच हसणं आठवतं.

गारगोटीपुढं माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. रस्ता चढत जातो तशी उसाची शेतं मागं राहतात, भाताची खाचरं लागतात आणि मग डोंगराच्या पोटात नाचणीचे तुकडे. कोल्हापुरात आपण म्हणतो जिल्हा आपला आहे. पण इथं गार वारा लागला आणि मला वाटलं, मी दुसऱ्याच मुलखात आलेय.

गावाचं नाव मी लिहीत नाही. शालनचा भाऊ बापू अंगणातच उभा होता. उंच माणूस, आवाज त्याहून मोठा. “या पावणं! उनातनं आलाय, आधी पाय धुवा, मग बोला!” त्याच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणत होते, मीही तेच म्हणायला लागले. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि खरडा. घरात बसलेल्या एका म्हाताऱ्या नात्यातल्या बाईंनी विचारलं, “तुमी कोणातल्या म्हणायच्या?”

शालन पटकन म्हणाली, “दवाखान्यात सिस्टर हुत्या त्या.”

त्या उत्तरानं सगळ्यांचं समाधान झालं. अर्ध्या तासात ओसरीवर पाच बायका बीपीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्यासमोर बसल्या. सिस्टर, ही जेवायच्या आधी का मागनं? सिस्टर, माझ्या पायाला मुंग्या येत्यात. मला बरं वाटत होतं. शालननं प्रश्न तोडला हे माझ्या लक्षात आलं होतं, पण इतक्या वर्षांत अशा गोष्टी आपण खिशात घालून पुढं जायला शिकतो.

खिंड

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव डोंगराकडं निघालं. हलगी पुढं, मागं बाया, डोक्यावर निवदाच्या पाट्या. ओढा ओलांडताना प्रत्येकानं वाकून एकेक दगड उचलला. वाटलं, वर चूल मांडायला असतील. वहिनींनी दोन घेतले.

अर्ध्या चढावर खिंड लागते. तिथं वाटेच्या डाव्या हाताला दगडांचा ढीग होता, पुरुषभर उंच आणि दोन बैलगाड्या मावतील एवढा रुंद. खालचे दगड शेवाळानं काळे पडलेले, वरचे ताजे. हलगी थांबली. पुढच्या माणसानं हातातला दगड ढिगावर फेकला, बाजूला थुंकला आणि ओरडला, “घे सटव्या, काढ माग!”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

दुसरा पुढं आला. “घे सटव्या, काढ माग!” मग तिसरा. मग बायका. काहीजणी हसत होत्या, काहीजणींनी नवस बोलल्यासारखे डोळे मिटून फेकले. दगडावर दगड आपटल्याचा आवाज खिंडीत दुप्पट होऊन येत होता. दवाखान्यात मी अपघाताची माणसं उचललीत, जळालेल्या बाया बघितल्यात. पण त्या ढिगाकडं मला बघवेना, मी बापूकडं वळले.

“बापू, हा सटवा कोण?” मी विचारलं.

बापूला सांगायला आवडत होतं. “फितूर वो! हैबतीबाबा ह्या रानात लपल्याला. साहेबाचं शिपाई महिनाभर हिंडलं, सापडंल तर शप्पथ. मग त्येंनी खालच्या वाड्यातला ह्यो म्हार धरून आणला, सटवा मागकाढ्या. कुत्र्यागत वास काढायचा म्हणत्यात. बाबा वड्यातनं चालायचा, पायाला पालं बांधायचा, उलटा चालायचा. तरी ह्येनं चौथ्या दिशी गाठला. बाबा तापानं फणफणल्याला, गुहेत पडल्याला. तितंच घातली की गोळी. आन ह्येला काय मिळालं? पागोटं! एका पागोट्यासाठनं देवमाणूस दिला!”

पागोटं. त्या शब्दानं उरलीसुरली शंका गेली. आमच्या घरातली टाळ्यांची गोष्ट आणि ही गोष्ट एकच होती. फक्त आम्ही ती दुसऱ्या टोकानं धरली होती.

वहिनींनी माझा हात धरला आणि त्यात एक दगड ठेवला. ओला होता, ओढ्यातला. “मारा सिस्टर. पयल्यांदा येणाऱ्यानं डाव्या हातानं मारायचा. न्हाय मारला तर वर बाबा पावत न्हाय.”

मागं रांग थांबली होती. शालन हसत माझ्याकडं बघत होती, पाहुणीला गंमत दाखवावी तशी. एक बाई म्हणाली, “लाजताय काय, मारा की!” मी सांगू शकले असते. चार शब्द होते. हा माझा पणजा आहे. आणि मी डावा हात उचलला.

मी दगड मारला.

तो ढिगाच्या मधोमध लागला. बायका म्हणाल्या, “ब्येस!”

खालचा वाडा

वर बाबाच्या ठाण्यावर काय झालं ते मला फारसं आठवत नाही. शेंदूर लावलेला दगड, नारळांचा वास, मटणाचा रस्सा. पान वाढलं होतं, ते मी तसंच बाजूला सारलं. ऊन लागलं म्हणून शालननं मला लिंबूपाणी दिलं. मी तिला बाजूला घेतलं.

“शालन, तो सटवा आमच्यातला होता हे तुला माहीत होतं. मला इथं आणताना तुला काहीच वाटलं नाही?”

ती गोंधळली. खरंच गोंधळली, सोंग नव्हतं. “अगं, तो गोष्टीतला महार. तू तर आमची सुमन आहेस.”

तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लंय. ती हे प्रेमानं म्हणाली, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

दुपारी डोकं दुखतंय सांगून मी एकटीच उतरले. खालच्या वाड्याची वाट कुणाला विचारावी लागली नाही, गावाच्या कुठल्या बाजूला बघायचं ते आम्हाला ठाऊक असतं. वीसेक घरं, मध्ये निळ्या रंगाचं छोटं विहार. जत्रेचा दिवस असून सगळी दारं लावलेली. एका ओट्यावर एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. मी जय भीम घातला. तिनं मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “जय भीम. बस. कुणाची गं तू?”

तिचं नाव बायजाक्का. मी तिला वडिलांचं नाव सांगितलं, तिला माहीत नव्हतं. आजोबांचं नाव सांगितलं, चावड्या. तिच्या हातातला दगड चिंचेवर पडायचा थांबला.

“चावड्याची नात? सटवाची पणती तू?”

मी हो म्हणाले.

“म्हंजे आमच्या भावकीतली की गं.” ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि पुन्हा बसली. “आज का आलीस? आज आमी दारं लावून बसतो. आवाज येतो हितवर.”

खरंच, वरून बारीक टकटक ऐकू येत होती.

मी तिला विचारलं, पणज्यानं खरंच माग काढला का. माझी आशा होती की ती नाही म्हणेल.

“काढला की. न्हाय कसं म्हणू? माझ्या आजेसासूनं डोळ्यांनी बघितल्यालं.” ती शांतपणे म्हणाली. “पर ते वरचं लोक आर्धंच सांगत्यात. सटवा आदी न्हाय म्हणालता. हैबती आमास्नीबी काय देव न्हवता, वाड्यातली कोंबडी, जुंधळं न्यायचा त्यो. तरीबी सटवा म्हणाला, आजारी माणसाचा माग मी काढत न्हाय. मग शिपायांनी त्येच्या बायकूला चावडीत डांबली. म्हैने भरल्याली हुती ती.”

तिनं पाटीतली पुढची चिंच उचलली.

“तीन दीस सटवानं त्येंना रानात नुसतं गोल फिरीवलं. चवथ्या दिशी शिपाय म्हणाला, बायकूच्या पोटात कळा याय लागल्यात, सुईण सोडू का नको ते तू सांग. मग त्यो सरळ गुहेकडं चालत गेला. कुटं हाय ते त्येला पयल्या दिवसापास्नं म्हाईत हुतं.” तिनं चिंचेची टरफलं बाजूला सारली. “पोर चावडीतच झालं. म्हणून नाव चावड्या. तुज्या आज्याचं.”

आमच्या घरात सगळे समजायचे, आजोबांना चावडीवर बसून गप्पा मारायची खोड होती म्हणून ते नाव पडलं. आम्ही त्यावर हसायचो. मी स्वतः शेकडो बाळंतपणं केलीत, दिव्याच्या उजेडातही केलीत. शिपायांच्या पहाऱ्यात, चावडीच्या फरशीवर, बाहेर नवरा माणूस दाखवून देतो की नाही याची वाट बघत कळा देणारी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

“आणि ते पागोटं?” मी विचारलं.

“बांधलं की साहेबानं. सटवानं ते घरी आणून पोराला गुंडाळलं. कापड न्हवतंच दुसरं. मग म्हैन्याभरात त्यो बायकूपोर घिऊन गेला. कुटं, ते कुणाला कळलं न्हाय. त्येचा माग कुणी काढला न्हाय.”

मग तिनं विचारलं, “वर जाऊन आलीस?”

“आले.”

“दगड मारलास?”

मी मान खाली घातली.

“आसू दे,” ती म्हणाली. “माजा सासराबी मारायचा. ढिगावरची पयली पाटी आमच्याच वाड्यानं वाहायची, आशी रीत हुती. वड्यातनं दगड आमी वर न्यायचं, आमीच पयला मारायचा, मग गाव मारायचं. धम्म घेतला त्या साली सासऱ्यानं पाटी वड्यात टाकली आन सांगितलं, आता तुमचं तुमी वाहा. लई मार खाल्ला त्येनं.”

मला तिथं रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी चिंचा फोडायला घेतल्या. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघींनी अर्धी पाटी चिंचा फोडल्या. वरचा आवाज अधूनमधून येतच होता.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी होती. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, बापू चहा घेत होता, शालन पिशवी भरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सटवा माझा पणजा. त्याची बायको, चावडी, माझे आजोबा. सगळं.

बापूचा चहा बशीतच राहिला. तो एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, “आमास्नी काय म्हाईत, सिस्टर? ढीग आमी रचल्याला न्हाय. वाडवडलांपास्नं हाय.”

शालन म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?”

वहिनींनी हातातली भाकरी परातीत ठेवली. माझ्याकडं वळल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “मग काल दगड का मारला वो तुमी?”

मी म्हणाले, मला एकदा खिंडीत जायचंय. बापू जागचा उठला नाही. शालन माझ्याबरोबर आली, आणि पीठ माखलेले हात पदराला पुसत वहिनीही.

जत्रेचा दुसरा दिवस होता, लांबच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी येतात. खिंडीत पंधराएक जण ढिगापुढं उभे होते. मी त्यांच्या आणि ढिगाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. काल निघाले नाहीत ते शब्द आज निघाले. “हा माझा पणजा आहे. याच्या बायकोला बाळंतपणाच्या कळा येत असताना चावडीत कोंडून ठेवलं होतं, म्हणून यानं माग काढला.”

पुढं एक तरुण बाई होती, नवीन लग्न झालेली, हातभर चुडा भरलेला. तिच्या हातात दगड तसाच वर होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग वहिनींकडं बघितलं. “खरं व्हय वो?”

वहिनी म्हणाल्या, “बाळतिणीचं आमास्नी कुणी सांगितलंच न्हवतं गं.”

“मग ह्येचं काय करू?” तिनं हातातला दगड दाखवला.

“खाली ठेव,” मी म्हणाले.

तिनं वाकून तो वाटेच्या कडेला ठेवला, अंडं ठेवावं तसा हळू. तिच्या मागच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मला नमस्कार केला. “राग धरू नका, पावणं. तुमचंबी खरं आसंल. पर माजा नवस हाय.” मग तो माझ्या बाजूनं दोन पावलं पुढं गेला आणि त्यानं दगड मारला. थुंकला मात्र नाही. त्याच्यामागच्या दोघांनी मारला. एकीनं मारला नाही. बाकीचे घुटमळत उभे राहिले.

वहिनी तिथूनच घरी वळल्या. आम्ही दोघी जीपनं गारगोटीला आलो आणि कोल्हापूरची गाडी धरली. शालन खिडकीशी बसली होती. मुरगूड मागं पडल्यावर बाहेर बघतच म्हणाली, “मला कळायला लागल्यापासून दर वर्षी मारलाय गं मी. एक वर्ष चुकवलं नाही. लग्न झाल्यावरसुद्धा मुद्दाम यायची.” तिनं स्वतःचा डावा हात उघडून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली. “माहीत असतं तर मारला नसता, सुमन.”

मी तिचा हात हातात घेतला. तिला धीर द्यायला काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी एकदाच मारला होता, आणि मला माहीत होतं.